रिकामा ड्रम: सोलापुरातल्या एका आजींच्या स्वावलंबनातल्या चढ-उतारांचा प्रकरण अभ्यास

ओळख पटू नये म्हणून पेठ, नाती आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते, त्यामुळे ही मांडणी माझ्या बाजूने आहे. औषधांबाबतचे सगळे निर्णय त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचे होते.

पार्श्वभूमी

आजींचं वय तेव्हा ७४. सोलापूरच्या पूर्व भागात दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि अंगणाच्या टोकाला संडास असं घर. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर त्याने मिळेल ते काम केलं आणि काही वर्षांत तो गेला. घर तगलं ते आजींच्या विड्यांवर. मांडीवर सूप घेऊन त्या सकाळपासून बसायच्या आणि तयार विड्या कारखान्यात देऊन यायच्या. त्या बैठकीने गुडघे खाल्ले. बोटं मात्र अजून तरबेज आहेत.

घरात मुलगा, सून आणि बारावीतला नातू. मुलगा टॉवेलच्या यंत्रमागावर पाळीने जातो, सून युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात नऊ वाजता हजर असते. मुलगी पुण्यात हडपसरला. आजींना वीस वर्षांचं ब्लडप्रेशर आणि त्यानंतर आलेली साखर. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला.

कागदोपत्री या आजी पूर्ण स्वावलंबी होत्या. अमेरिकेतल्या सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली मांडलेली एक साधी यादी आम्ही वापरतो: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, बिछान्यातून किंवा खुर्चीतून उठणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. सहापैकी सहा गोष्टी त्या एकट्या करत होत्या. कुणी विचारलं तर ठसक्यात सांगायच्या, "सगळं मीच करू लालेय की!"

ते खरंच होतं. फक्त करण्याची रीत बदललेली होती आणि ते कुणी विचारलं नव्हतं. मंगळवार बाजारात जाणं वर्षभरापूर्वी सुटलं होतं. कारण काय, तर "भाजी दारावर येते". कळशीच्या जागी तांब्या आला होता. पाटावर बसून आंघोळ करणं सोडून त्या उभ्यानेच दोन तांबे ओतून घ्यायच्या. मोरीत शिरताना एक हात भिंतीला, दुसरा पाण्याच्या ड्रमला. यातलं काहीही त्यांच्या लेखी "जमत नाही" या खात्यात मोडत नव्हतं. म्हातारपणातलं परावलंबन सहसा असंच आत शिरतं. "जमतं का" या प्रश्नाला उत्तर "हो" येतं. "पूर्वी कसं करत होता आणि आता कसं करता" असं विचारलं की खरी माहिती बाहेर पडते.

काय घडलं

मे २०२४. सोलापूरचा मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर आणि रात्रीही भिंती गरम. आजींना जुलाब लागले. दोन दिवस ताकभातावर काढले, गोळ्या मात्र सगळ्या नियमाने घेतल्या. त्यात ब्लडप्रेशरच्या गोळीतला लघवी वाढवणारा घटकही होता. शरीरातलं पाणी जुलाबाने जात होतं आणि गोळीनेही.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्या मोरीत गेल्या. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. त्यांच्या गल्लीत त्या वेळी चार-पाच दिवसांनी येत होतं, म्हणून मोरीत दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम. भरलेला असताना तो हलत नाही. त्या दिवशी पाणी येऊन चौथा दिवस होता आणि ड्रमात तळाशी थोडंसंच उरलेलं. चक्कर आल्यावर आजींनी सवयीने त्यावर भार टाकला, तो सरकला आणि त्या मोरीच्या कट्ट्यावर आदळल्या.

हाड मोडलं नाही. पण शरीरातलं पाणी आणि सोडियम दोन्ही कमी झालं होतं, म्हणून एका खासगी रुग्णालयात सहा दिवस ठेवावं लागलं. सलाईन हवंच होतं. त्यासोबत लघवीची नळी आली, ती निघाल्यावर डायपर आला, रात्री झोपेची गोळी आली, आणि "पडतील, उठू देऊ नका" अशी ताकीद. सहा दिवसांत त्या पलंगावरून खाली उतरल्या नाहीत.

म्हाताऱ्या माणसाला पलंगाची किंमत फार मोजावी लागते. साधारण साठी-सत्तरीतल्या निरोगी लोकांना प्रयोगासाठी दहा दिवस पलंगावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांचं मांस सुमारे एक किलोने घटलेलं आढळलं होतं. ती निरोगी माणसं होती आणि त्यांना पुरेसं जेवण मिळत होतं. आजी आजारी होत्या आणि दिवसाला अर्धी भाकरी खात होत्या.

प्रश्न

घरी आल्या तेव्हा सहापैकी एकच गोष्ट उरली होती, स्वतःच्या हाताने जेवण. वजन ४६ किलो. पलंगावर उठून बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी. डायपर तसाच चालू, कारण तो काढायला कुणी सांगितलं नव्हतं. यादीत लघवीवरचा ताबा गेलेला दिसत होता, पण मुळात तो गेलेलाच नव्हता. त्यांना लघवीची भावना होत होती, हाकही मारत होत्या. डायपर असल्यामुळे घरातल्यांना धावत यायची घाई उरत नव्हती, एवढंच.

मुलाने मला पडवीत बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हे आता असंच का?" तो निष्ठुर नव्हता, हिशोब मांडत होता. आठवड्यात काहीतरी ठरवणं त्याला भाग होतं.

इथे पहिला निर्णयबिंदू येतो. रुग्णालयातून आल्यानंतरचा आठवडा हा माणसाची ताकद सर्वात कमी असण्याचा आठवडा, आणि नेमक्या त्याच आठवड्यात घरं कायमचे निर्णय घेतात: खोली बदलणं, नोकरी सोडणं, गाव सोडणं.

समोर असलेले पर्याय

पुण्याला नेणं. मुलगी रात्रीच्या गाडीने आली ती हेच ठरवून. तिच्याकडे कमोड आहे, नळाला रोज पाणी आहे. या दोन गोष्टींचं वजन मी कमी लेखणार नाही. अर्धा त्रास तिथेच संपला असता. पण घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दिवसभर दोघंही कामावर. आजी तिथे चार भिंतींत बसून राहिल्या असत्या.

दिवसभराची बाई ठेवणं. सांगितलेला दर महिन्याला बारा हजार. सुनेची कमाई त्याहून कमी.

सुनेने काम सोडणं. हा पर्याय कुणी तोंडाने उच्चारला नाही, तो हवेतच होता. शेवटी तिनेच म्हटलं, "मीच बसते घरी, दुसरं कोण करणार?" मुलगा गप्प राहिला. माझं मत मी तिथेच मांडलं: एकदा शिलाईचं मशीन दुसरीला दिलं की ते परत मिळत नाही, आणि सासूबाई दोन महिन्यांत उठल्या तर हा निर्णय कशासाठी घेतला होता?

चौथा पर्याय कायमचं काहीच न ठरवण्याचा होता. सहा आठवडे तात्पुरती सोय करायची, मेहनत करायची आणि मग पुन्हा बसायचं. सुनेने पंधरा दिवसांची बिनपगारी रजा घ्यायची, मुलीने आठ दिवस थांबायचं, मुलाने रात्रपाळी मागून घ्यायची.

हा पर्याय सुचवायला आधार होता. येल विद्यापीठाचे थॉमस गिल आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून न्यू हेवन परिसरात, सत्तरी गाठलेल्या आणि घरीच राहणाऱ्या ७५४ जणांना दर महिन्याला फोन करून विचारलं की आंघोळ, कपडे, चालणं, उठणं यांत कुणाची मदत लागते का. दर महिन्याला विचारल्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी एकदा होणाऱ्या तपासणीत न दिसणारं चित्र दिसलं. परावलंबन येतं, जातं, पुन्हा येतं. नव्याने परावलंबी झालेल्यांपैकी बहुतेक जण वर्षभरात पुन्हा स्वतःचं स्वतः करू लागले. मात्र ज्यांना एकदा असा फटका बसला त्यांना दुसरा बसण्याची शक्यताही जास्त होती. आणि घसरण सुरू करणाऱ्या कारणांत रुग्णालयात दाखल होणं सगळ्यांत वर होतं.

अमेरिकेतली पांढरपेशी उपनगरं कुठे आणि आमचा पूर्व भाग कुठे, अशी शंका मुलीने घेतली. रास्त शंका. आकडे जसेच्या तसे इथे लागू होतील असं मी म्हटलं नाही. पण स्नायू दोन्हीकडे सारखेच वाळतात आणि सारखेच भरतात. सहा आठवडे थांबण्यात गमावण्यासारखं फार नव्हतं. घराने चौथा पर्याय घेतला.

काय केलं

सुरुवात गोळ्यांपासून. झोपून आणि मग उभं करून ब्लडप्रेशर मोजलं तर वरचा आकडा १४२ वरून ११६ वर आला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत २० किंवा त्याहून जास्त उतार पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात. डॉक्टरांनी लघवी वाढवणारा घटक काढला. जेवण निम्म्यावर आलेलं असताना साखरेची गोळी जुन्याच मात्रेत चालू होती, ती कमी केली. झोपेची गोळी हळूहळू बंद केली. चौथ्या-पाचव्या दिवशी बसवल्यावर येणारी अंधारी थांबली. तोवर व्यायाम शिकवण्यात काही अर्थच नव्हता.

डायपर दुसऱ्या दिवशी दिवसापुरता काढला. यावर घरात कुरबुर झाली, चादरी धुवायच्या कुणी, आणि पाणी कुठून आणायचं? चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात हा प्रश्न मोठा असतो. तोडगा म्हणून पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणली आणि दर दोन तासांनी बसवायचं ठरलं. आठवड्यात चादर दोनदाच बदलावी लागली. पुढे मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून मिळालेले ३,००० रुपये या खुर्चीच्या आणि काठीच्या खर्चाला लागले.

व्यायाम म्हणजे मुख्यतः एकच: उठणं आणि बसणं. पलंगाच्या पायांखाली विटा लावून तो उंच केला, कारण उंचावरून उठायला जोर कमी लागतो. सुरुवातीला तीन वेळा, दिवसातून चारदा. जमेल तशी एकेक वीट काढायची. विटा काढण्याचं काम नातवाने घेतलं आणि आजींना त्यात ईर्षा वाटू लागली. "आज काढ रे ती," असं त्या स्वतःच म्हणू लागल्या.

खाणं हा वेगळाच तिढा. वयस्कर माणसाला किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आजींना पन्नासेक ग्रॅम. भाकरी आणि पातळ आमटीवर ते भरत नाही. अंडं त्यांना चालायचं, पण "म्हातारीला कशाला" म्हणून नातवाच्या ताटात जायचं. आता रोज दोन अंडी, दोनदा दूध, घट्ट वरण. आणि शेंगाचटणी दह्यात कालवून, कारण कोरडी घशात अडकते.

सगळ्यांत जास्त वाद झाला तो ड्रमवर. मोरी तीन बाय चार फुटांची. भिंतीला धरायचा दांडा बसवायचा तर ड्रम तिथून हलायला हवा, आणि ड्रम हलवायला घरात दुसरी जागा नाही. मुलगा म्हणाला, ड्रम राहू दे, आईला आम्ही आंघोळ घालू. हा दुसरा निर्णयबिंदू. ऐकायला ती माया आहे, आणि होतीही. पण घाईच्या सकाळी दुसऱ्याने घातलेली आंघोळ पाच मिनिटांत आटोपते, स्वतः करायला पंचवीस मिनिटं लागतात. एकदा पाच मिनिटांची सवय लागली की पंचवीस मिनिटं कुणी देत नाही. मदतीनेही माणूस बसून जातो.

शेवटी ड्रम पडवीत गेला, त्याच्या तळाशी नळ बसवला आणि मोरीत बादली. भिंतीला लोखंडी दांडा, खाली रबरी पायपुसणं, बसायला प्लास्टिकचं उंच स्टूल. आंघोळ सकाळवरून संध्याकाळी सहावर नेली. सून कामावरून आल्यावर मोरीच्या दाराशी भाजी निवडत बसायची. हात लावायचा नाही, फक्त तिथे असायचं.

चढ, आणि पुन्हा उतार

जूनअखेर आजी काठीने चालू लागल्या. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालून वळायचं आणि परत येऊन बसायचं, ही एक प्रचलित चाचणी आहे. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आजींना पहिल्यांदा ३४ सेकंद लागले, ऑगस्टमध्ये १९, डिसेंबरात १६. सहापैकी पाच गोष्टी परत आल्या. आंघोळीला कुणीतरी जवळ लागत होतंच. सहांत ती बहुधा पहिली जाते आणि उशिरा परतते. ओली फरशी, वाकणं, एका पायावर तोल, सगळं एकाच वेळी मागते. सुनेची नोकरी टिकली.

या काळात नातवाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारी सहा खुणा करायचं काम घेतलं होतं. ज्या गोष्टीला मदत लागली तिथे गोल, नाहीतर टिकली.

जानेवारी २०२५, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली होती. घरात सर्दी-तापाची साथ आली आणि आजींना खोकला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी दिवसा कमोडची खुर्ची मागितली. एरवी त्या अंगणातल्या संडासात जात होत्या. नातवाने रविवारची वाट न पाहता गोल काढला आणि मला फोन केला.

दाखल करायचं की नाही, हा तिसरा निर्णयबिंदू. छाती तपासून, ऑक्सिजन पाहून डॉक्टरांनी घरीच औषध दिलं. दिवसातून दोनदा मोजायचं आणि किती आकड्याखाली गेलं की निघायचं हेही लिहून दिलं. माझ्याकडून एवढीच अट: प्रत्येक जेवण खुर्चीत बसून, आणि ताप उतरला की त्याच दिवसापासून उठ-बस. आठ दिवस त्या बहुतेक वेळ पडून होत्या. पण या वेळी पाचऐवजी दोनच गोष्टी गेल्या आणि तीनेक आठवड्यांत परत आल्या.

सगळं मात्र परत आलं नाही. फेब्रुवारीत चाचणीला २२ सेकंद लागले. गल्लीच्या टोकाच्या मारुतीला जाणं मार्चपर्यंत सुरू झालं नाही. उन्हाळ्यात पापड-कुरड्या वाळत घालायला गच्चीवर जायच्या, त्या वर्षी गेल्या नाहीत आणि कुणी आग्रहही केला नाही. प्रत्येक उतारानंतरचा चढ आधीच्यापेक्षा एक बोट खाली थांबतो, हे मी पुष्कळ घरांत पाहते. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं असतं, म्हणजे पूर्ण भरपाई झाली नाही की सगळंच फुकट गेलं असं वाटत नाही.

निष्पत्ती

सप्टेंबर २०२५ मध्ये आजी ७५ वर्षांच्या आहेत. वजन ४९ किलो. सहापैकी पाच गोष्टी एकट्याने, आंघोळीला सून दाराशी. चाचणीला १८ सेकंद. मारुतीपर्यंत काठीने, तेही ऊन उतरल्यावर. मधल्या काळात त्या एकदाही पडल्या नाहीत. रात्री मात्र लघवीची घाई होऊ लागली आहे आणि हा नवा धोका आहे, कारण घाईतच माणसं पडतात. कमोडची खुर्ची रात्री पलंगाशेजारीच असते.

काय वेगळं करता आलं असतं

रुग्णालयातल्या सहा दिवसांत दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसवलं असतं, आणि नळी निघाल्यावर डायपरऐवजी पॉट दिला असता, तर घरी आल्यावरचा खड्डा बराच उथळ राहिला असता असं माझं मत आहे. घरच्यांनी हे विचारायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेलं वय वंदना कार्ड दाखल झाल्यावरचा खर्च उचलतं. मोरीतल्या दांड्याला किंवा घरातल्या व्यायामाला त्यातून काही मिळत नाही. म्हणजे महागडा भाग झाकला जातो आणि तो टाळणारा स्वस्त भाग घराच्या खिशातून जातो.

जुलाब लागल्यावर कोणती गोळी थांबवायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं असतं तर कदाचित हे प्रकरणच लिहावं लागलं नसतं. आता तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, खाली तीन फोन नंबर.

आजींचं सगळं मोजलं, सुनेचं काहीच मोजलं नाही. संध्याकाळचा तो अर्धा तास सव्वाएक वर्ष रोज तिच्याच वाट्याला आला. मुलगा किंवा नातू मोरीच्या दाराशी बसू शकत नाही, हे खरं. पण भाजी निवडणं आणि कणीक मळणं त्यांना जमण्यासारखं आहे, आणि हे बोलणं पहिल्याच बैठकीत व्हायला हवं होतं. ते अलीकडे झालं.

दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पहिल्या हिवाळ्यात करता आली असती. आजी बऱ्यापैकी चालत होत्या, म्हणून ती राहिली, आणि मग जानेवारीत खोकला आला. ताकद चांगली असते तेव्हा असली कामं उरकायची असतात, पण नेमकी तेव्हाच ती कुणाला तातडीची वाटत नाहीत. आता ती दिवाळीला ठेवली आहे. मुलगी तेव्हा दहा दिवस येणार असल्याने डोळ्यात थेंब घालणं आणि मोरीच्या दाराशी बसणं तिच्याकडे राहील, आणि सुनेला एकही दिवस रजा टाकावी लागणार नाही.